माँट्रोझचा जेम्स ग्रॅहम : त्याचे घर, त्याच्या दोन निष्ठा आणि मदुराईपर्यंत आलेले हृदय

दीपमाळ

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मी दोन वर्षांपासून एडिनबरा येथे राहते आहे आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या शहरातून पायी हिंडणे हा आता नित्याचा क्रम झाला आहे. गेल्या आठवड्यात सेंट जाइल्स या जुन्या चर्चमध्ये बराच वेळ घालवला. तेथे एका बाजूच्या दालनात सतराव्या शतकातला स्कॉटिश सेनापती, माँट्रोझचा पहिला मार्क्विस (सरदारांतला एक वरचा किताब) जेम्स ग्रॅहम याचे स्मारक आहे. चिलखत घातलेली, उताणी निजलेली, दगडात कोरलेली त्याची आकृती पाहून मी पुढे गेले, तो चर्चच्या दुसऱ्या अंगाला तशीच निजलेली आणखी एक आकृती दिसली. ती आर्गाइलचा मार्क्विस आर्चिबाल्ड कॅम्बेल याची आहे. हे दोघे एकमेकांचे हाडवैरी होते, दोघांनाही याच रस्त्यावर काही पावलांच्या अंतरात मृत्युदंड झाला, आणि आज दोघे एकाच छपराखाली आहेत, एवढे तेथील फलकांवरून समजले.

त्यानंतर मी मिळेल ते वाचते आहे, पण तीन गोष्टींचा उलगडा होत नाही. पहिली म्हणजे, हा माणूस कोणत्या घरातला आणि त्याच्या घरच्यांचे पुढे काय झाले? लढायांची वर्णने भरपूर सापडतात, परंतु त्याची पत्नी आणि मुले यांच्याविषयी एखाद्या ओळीपलीकडे काही मिळत नाही. दुसरी म्हणजे, ज्याने १६३८ मध्ये राजाच्या धर्मधोरणाविरुद्धच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली, तोच सहा वर्षांनी त्याच राजाचा सेनापती कसा झाला? आणि तिसरी, चर्चमध्ये एका वृद्ध स्वयंसेवकाने मला भारतीय म्हणून ओळखून सांगितले की माँट्रोझचे हृदय काही काळ तुमच्या देशात होते. यात तथ्य आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आडवाट

दीपमाळ, तुमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची निम्मी वाट त्याच्या घरातूनच जाते.

जेम्सचा जन्म १६१२ चा. माँट्रोझचा चौथा अर्ल (मार्क्विसच्या खालचा किताब) जॉन ग्रॅहम याचा हा एकुलता एक मुलगा, आणि त्याला पाच बहिणी होत्या. ग्रॅहम हे घराणे राजनिष्ठेसाठी आणि रणात पडण्यासाठी प्रसिद्ध होते. सर जॉन ग्रॅहम १२९८ मध्ये फॉलकर्कच्या लढाईत पडला होता आणि घराण्यातला पहिला अर्ल १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणात राजाबरोबर मारला गेला होता. आईचे माहेर मात्र अगदी निराळे. ती मार्गारेट, नावाचे स्पेलिंग रुथव्हेन असे असले तरी उच्चार रिव्हन असा होणाऱ्या घराण्यातली. तिच्या आजोबांनी आजारपणाच्या अंथरुणावरून उठून, चिलखत चढवून, १५६६ मध्ये राणी मेरीच्या डोळ्यांदेखत तिचा सचिव रिच्चो याच्या खुनात भाग घेतला होता. तिच्या वडिलांचा, म्हणजे गाउरीच्या पहिल्या अर्लचा, १५८४ मध्ये राजद्रोहाबद्दल शिरच्छेद झाला. पुढे १६०० मध्ये राजा सहाव्या जेम्सविरुद्धच्या कथित कटात तिचे दोन भाऊ पर्थमधल्या त्यांच्याच वाड्यात मारले गेले आणि रिव्हन हे आडनाव वापरण्यावरच कायद्याने बंदी आली. अशा बाईच्या पोटी जन्मलेल्या मुलाला दरबाराची मर्जी आणि दरबाराचा कोप या दोन्हींचा अर्थ बालपणीच कळला असणार, असे मला वाटते. आई १६१८ मध्ये गेली आणि १६२६ मध्ये वडीलही गेले. चौदाव्या वर्षी हा मुलगा पाचवा अर्ल झाला.

त्याच्या विद्यार्थिदशेतल्या खर्चाच्या वह्या टिकून राहिल्या आहेत आणि त्या वाचताना हा मुलगा अगदी समोर उभा राहतो. सेंट अँड्रूजच्या विद्यापीठात असताना गोल्फच्या काठ्या आणि चेंडू यांवर झालेला खर्च, धनुष्याच्या दोऱ्या, दारात आलेल्या गोरगरिबांना दिलेली नाणी, असे सगळे त्यात नोंदलेले आहे. १६२८ मध्ये त्याने विद्यापीठाच्या तिरंदाजीच्या स्पर्धेतला रुपेरी बाण जिंकला. पुढच्याच वर्षी, सतरा वर्षांचा असताना, त्याचे लग्न मॅग्डलेन कार्नेगी हिच्याशी झाले. तिचे वडील डेव्हिड कार्नेगी, म्हणजे पुढचे साउथेस्कचे अर्ल. किनेअर्ड येथील त्यांच्या वाड्यात लग्न लागले आणि सुरुवातीची काही वर्षे हे जोडपे तिथेच राहिले. त्या काळचा स्कॉटलंडमधला नामांकित चित्रकार जॉर्ज जेमिसन याने त्या वर्षी काढलेले जेम्सचे चित्र उपलब्ध आहे. मिसरूडही धड न फुटलेला, गंभीर चेहऱ्याचा तरुण त्यात दिसतो.

पाच बहिणींपैकी दोघींचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. मार्गारेट ही मर्चिस्टनच्या आर्चिबाल्ड नेपियरला दिली होती. लॉगॅरिदमचा शोध लावणारा गणिती जॉन नेपियर हा तिचा सासरा. हे मेहुणे जेम्सहून वयाने पुष्कळ मोठे, शांत, विचारी, आणि वडील गेल्यावर जेम्सला खरा आधार त्यांचाच होता. दुसरी बहीण लिलियास हिचे लग्न लस येथील सर जॉन कहून याच्याशी झाले. आईवडिलांमागे पोरकी झालेली धाकटी कॅथरीन याच बहिणीच्या घरी राहत होती आणि तिथूनच मेहुण्याने तिला पळवून नेले. त्याने आपल्या जर्मन नोकराकडून जादूटोणा करवून तिला वश केले, असा आरोप ठेवला गेला. या प्रकरणाच्या सुमारासच, १६३३ मध्ये, एकवीस वर्षांचा जेम्स पत्नी आणि लहान मुले मागे ठेवून फ्रान्स आणि इटलीच्या प्रवासाला निघून गेला. तो तीन वर्षे परतला नाही. मॅग्डलेनच्या आयुष्यात असे नवऱ्याविना काढलेले दिवस फार आहेत, आणि तिच्या हातचे एकही पत्र मला कधी वाचायला मिळाले नाही, याची खंत वाटते.

जुनी पेठ

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. दुसऱ्या प्रश्नाविषयी मी लिहितो.

‘त्याने बाजू बदलली’ हे वाक्य सर्रास वापरले जाते, परंतु त्यामुळे विषय सुटण्याऐवजी अधिकच गुंततो. १६३७ च्या जुलै महिन्यात राजा पहिला चार्ल्स याने लादलेली नवी प्रार्थनापुस्तिका, दीपमाळ यांनी पाहिलेल्या त्याच सेंट जाइल्समध्ये, प्रथम वाचली गेली आणि तिथेच दंगल उसळली. राजाने लंडनमध्ये बसून, स्कॉटलंडची संसद किंवा धर्मसभा यांना न विचारता, उपासनेची रीत ठरवावी हे लोकांना सहन होण्यासारखे नव्हते. सरदारांच्या रागाला दुसरेही कारण होते. गादीवर येताच चार्ल्सने धर्मसुधारणेच्या काळात सरदारांच्या ताब्यात गेलेल्या जुन्या चर्चच्या जमिनी परत घेण्याची घोषणा केली होती. या असंतोषातून २८ फेब्रुवारी १६३८ रोजी ग्रेफ्रायर्सच्या चर्चमध्ये नॅशनल कोव्हेनंट, म्हणजे राष्ट्रीय प्रतिज्ञापत्र, सह्यांसाठी ठेवले गेले आणि माँट्रोझ हा त्यावर सही करणाऱ्या अग्रणी सरदारांपैकी होता. ते प्रतिज्ञापत्र नीट वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते : त्यात धर्माचे रक्षण करण्याची शपथ आहे आणि त्याच दमात राजाच्या अधिकाराचे रक्षण करण्याचीही शपथ आहे. माँट्रोझने दोन्ही अर्धी खऱ्या अर्थाने घेतली होती.

१६३९ मध्ये तो कोव्हेनंटर, म्हणजे या प्रतिज्ञापत्राच्या पक्षाच्या, सैन्याचा सेनापती म्हणून अ‍ॅबरडीनवर चालून गेला आणि ऑगस्ट १६४० मध्ये ट्वीड नदी ओलांडून इंग्लंडमध्ये शिरणाऱ्या सैन्यात सर्वांच्या पुढे, पाण्यातून पायी गेलेला तोच होता. परंतु त्याच महिन्यात त्याने कंबरनॉल्ड येथे काही सरदारांबरोबर एक गुप्त करार केला. मूठभर लोकांच्या खासगी हेतूंपायी देशाचे नुकसान होत आहे, असा त्यातला आशय होता, आणि हे मूठभर लोक म्हणजे मुख्यतः आर्गाइल, हे सर्वांना ठाऊक होते. कॅम्बेलांचा हा प्रमुख पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखाचा जवळजवळ राजाच होता. राजाची सत्ता मोडून तिच्या जागी एका बलाढ्य सरदाराची सत्ता येणार असेल, तर ती अधिक जुलमी ठरेल, असे माँट्रोझ आणि त्याचे मेहुणे नेपियर यांचे ठाम मत झाले होते. राज्यसत्तेविषयी माँट्रोझच्या नावावर असलेल्या एका पत्रात हाच विचार मांडला आहे. करार उघडकीस आला, राजाशी चाललेला पत्रव्यवहारही उघड झाला, आणि १६४१ मध्ये दोघे मेहुणे एडिनबराच्या किल्ल्यात कैदेत पडले. त्यानंतर १६४३ मध्ये कोव्हेनंटरांनी इंग्लंडच्या पार्लमेंटशी राजाविरुद्ध लष्करी करार केला, तेव्हा माँट्रोझच्या दृष्टीने शपथेचे दुसरे अर्धे मोडले गेले. १६४४ मध्ये राजाने त्याला मार्क्विस केले आणि स्कॉटलंडमधील सैन्याचे अधिकार दिले. सैन्य मात्र दिले नाही, कारण राजापाशी ते नव्हतेच.

पुढचे एक वर्ष म्हणजे त्याच्या कीर्तीचे वर्ष. वेषांतर करून दोन सोबत्यांसह तो सरहद्द ओलांडून आला, आयर्लंडहून आलेल्या अलस्टर मॅककोला याच्या लढवय्यांना जाऊन मिळाला, आणि सप्टेंबर १६४४ ते ऑगस्ट १६४५ या काळात टिपरम्यूर, अ‍ॅबरडीन, इनव्हरलॉकी, ऑल्डर्न, आल्फर्ड आणि किल्सिथ अशा सहा लढाया त्याने जिंकल्या. यांतली इनव्हरलॉकी मला सर्वांत विलक्षण वाटते. जानेवारीच्या अखेरीस, गुडघाभर बर्फातून, शत्रूने अशक्य मानलेल्या डोंगरवाटांनी सैन्य नेऊन त्याने २ फेब्रुवारीच्या पहाटे कॅम्बेलांना गाठले. जवळ शिजवलेले अन्न नव्हते, आणि थंड पाण्यात कालवलेले ओटचे पीठ सुरीच्या टोकाने खाऊन सेनानायकही लढाईला उभे राहिले. आर्गाइलने आपल्या माणसांची कत्तल खाडीतल्या गलबतावरून पाहिली आणि शिडे उभारून तो निघून गेला.

मोडीवाचक

जुनी पेठ, आपली मांडणी पटते, परंतु अ‍ॅबरडीनचे नाव केवळ जिंकलेल्या लढायांच्या यादीत येऊन पुढे जाणे मला रुचले नाही. १३ सप्टेंबर १६४४ रोजी माँट्रोझने नगराला शरण येण्याचा निरोप पाठवला. निरोप्याबरोबर एक नगारा वाजवणारा पोरगा होता, आणि परतताना नगराच्या बाजूने कोणी तरी त्याला गोळी घातली. संतापलेल्या माँट्रोझने लढाईनंतर शहर सैनिकांच्या हवाली केले. तीन दिवस लूट, बलात्कार आणि खून चालले आणि शंभराहून अधिक नागरिक मारले गेले. कपडे रक्ताने खराब होऊ नयेत म्हणून माणसांना मारण्यापूर्वी विवस्त्र केले गेले, असे त्याच गावच्या, राजपक्षाकडे झुकलेल्या बखरकाराने लिहून ठेवले आहे. हे तेच शहर, जिथे पाच वर्षांपूर्वी कोव्हेनंटर सेनापती म्हणून याच माँट्रोझने सहकाऱ्यांचा आग्रह मोडून जाळपोळ होऊ दिली नव्हती. त्याच्या शौर्याबद्दल मला आदर आहे, पण त्या तीन दिवसांचा दोष त्याच्या माथ्यावरून हलवता येत नाही. १३ सप्टेंबर १६४५ रोजी, बरोबर एका वर्षाने, फिलिपहॉ येथे त्याचा पराभव झाला, तेव्हा विजयी कोव्हेनंटरांनी अभय दिलेले कैदी आणि छावणीतल्या बायका-मुले कापून काढली. तीही कत्तल तितकीच निंद्य आहे.

आता हृदयाची हकीकत. होय, तिचा मोठा भाग भारतात घडलेला आहे.

१६५० मध्ये माँट्रोझ परदेशातून, पहिल्या चार्ल्सचा मुलगा दुसरा चार्ल्स याच्या वतीने, स्कॉटलंडमध्ये पुन्हा उतरला, २७ एप्रिलला कार्बिस्डेल येथे हरला आणि असिंटच्या मॅकलाउडने त्याला पकडून दिले. ज्या राजासाठी तो आला होता, तोच राजा त्या वेळी कोव्हेनंटरांशी तह करत होता. २१ मे १६५० रोजी एडिनबराच्या बाजारचौकात त्याला फाशी दिली. सकाळी तो केस विंचरत बसला असता कोव्हेनंटरांचा एक पुढारी, वॉरिस्टनचा जॉन्स्टन, त्याला बोलला, तेव्हा ‘डोके आज माझे आहे तोवर त्याची निगा मी राखणार, उद्या ते तुमचे झाले की हवे तसे करा’, या अर्थाचे उत्तर त्याने दिले. शिर टोलबूथ या तुरुंगाच्या खिळ्यावर लावले, हातपाय चार नगरांना पाठवले आणि धड बरो म्यूर या माळावर गुन्हेगारांच्या जागेत पुरले. तो माळ नेपियरांच्या मर्चिस्टनच्या गढीपासून जवळच आहे. माँट्रोझच्या भाच्याची पत्नी लेडी नेपियर हिने रात्री माणसे पाठवून हृदय काढून आणवले आणि त्यावर लेप करून ते डबीत जपून ठेवले.

पुढचा भाग सर अलेक्झांडर जॉन्स्टन यांनी १८३६ मध्ये आपल्या मुलींना लिहिलेल्या पत्रातून कळतो. हे गृहस्थ सिलोनचे सरन्यायाधीश आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांची आई हेस्टर ही लॉर्ड फ्रान्सिस नेपियर यांची कन्या आणि वडील सॅम्युएल जॉन्स्टन कंपनीच्या नोकरीत मदुराईला होते. पत्रानुसार, माँट्रोझच्या तलवारीच्या पात्यापासून घडवलेल्या पोलादी डबीत हृदय होते, आणि ती डबी सोन्याच्या जाळीच्या पेटीत ठेवलेली होती. भारताकडे येताना जहाजावर फ्रेंचांचा हल्ला झाला. हेस्टरने खाली तळघरात जाण्याचे नाकारले आणि ती एका हाताने मुलाला व दुसऱ्या हाताने ही पेटी असलेली पिशवी घट्ट धरून नवऱ्याजवळ डेकवर उभी राहिली. तोफगोळ्याने पेटीचे तुकडे झाले, पोलादी डबी शाबूत राहिली. मदुराईच्या सोनाराने त्या तुकड्यांवरून हुबेहूब नवी पेटी घडवली आणि वर ठेवायला चांदीचा कलशही केला. हा कलश दिवाणखान्यात ठेवलेला असे. तो जवळ बाळगणारा युद्धात अजिंक्य ठरतो, अशी वदंता पसरली आणि तो चोरीला गेला. एका पाळेगाराने (तिकडच्या स्थानिक सरदाराने) तो मोठ्या किमतीला विकत घेतला होता. पुढे तरुण अलेक्झांडर शिकारीसाठी त्याच्याकडे गेला असता, वस्तू चोरीची आहे हे कळताच त्या पाळेगाराने ती मानाने परत केली. काही वर्षांनी आर्काटच्या नबाबाविरुद्ध उठल्याबद्दल त्याला मृत्युदंड झाला, तेव्हा माँट्रोझचे उदाहरण देऊन, आपलेही हृदय असेच जपावे, असे त्याने आपल्या माणसांना सांगितले. १७९२ मध्ये जॉन्स्टन कुटुंब फ्रान्समार्गे मायदेशी निघाले, तेव्हा क्रांतीच्या सरकारने सोने-चांदी जमा करण्याचा हुकूम काढलेला होता. बुलोन येथील एका इंग्रज बाईकडे ही ठेव लपवण्यासाठी दिली, ती बाई वारली आणि हृदयाचा माग कायमचा हरवला. हा सगळा पुरावा एका कुटुंबातल्या आठवणींचा आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावा.

याच हेस्टरबाईंनी कॉलिन मॅकेंझी या तरुण अधिकाऱ्याला मदुराईला बोलावून घेतले होते. जॉन नेपियरच्या चरित्रासाठी हिंदू गणिताची माहिती मिळवण्याचे काम नेपियर कुटुंबाने त्याच्याकडे सोपवले होते, आणि मदुराईच्या ब्राह्मण पंडितांच्या सहवासात त्याला हस्तलिखिते जमवण्याचा ध्यास लागला, असे जॉन्स्टन यांनीच सांगितले आहे. मॅकेंझीच्या त्या अफाट संग्रहात मराठी हस्तलिखितेही आहेत. त्यामुळे मोडी वाचणाऱ्या माझ्यासारख्याला माँट्रोझचे हे नातलग परके वाटत नाहीत.

दीपमाळ

सर्वांचे मनापासून आभार. मोडीवाचक, अ‍ॅबरडीनविषयी आपण लिहिले नसते तर मी त्या स्मारकाकडे कायम भारावलेल्या नजरेनेच पाहत राहिले असते. एक प्रश्न उरतो. मॅग्डलेन आणि मुलांचे पुढे काय झाले?

आडवाट

थोरला जॉन वडिलांबरोबर त्या हिवाळ्याच्या मोहिमेत होता. इनव्हरलॉकीनंतर महिन्याभरात, मार्च १६४५ मध्ये, गॉर्डन घराण्याच्या वाड्यात तो आजाराने गेला. तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. त्याला तिथेच पुरून वडिलांना पुढे निघावे लागले. त्यानंतर लवकरच कोव्हेनंटरांनी दुसरा मुलगा जेम्स याला माँट्रोझ गावातल्या शाळेतून उचलून एडिनबराच्या किल्ल्यात कैदेत टाकले. मेहुणे नेपियर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारले आणि १६४६ मध्ये घराण्याचा किनकार्डिनचा वाडा जाळण्यात आला. मॅग्डलेन १६४८ मध्ये गेली, तेव्हा नवरा परदेशात होता.

हा दुसरा मुलगा जेम्स पुढे दुसरा मार्क्विस झाला आणि लोक त्याला ‘सज्जन मार्क्विस’ म्हणत. १६६० मध्ये राजा परतल्यावर वडिलांचे शिर खिळ्यावरून उतरवले गेले, धड उकरून काढले, अवयव गोळा केले आणि ११ मे १६६१ रोजी मोठ्या इतमामाने सेंट जाइल्समध्ये त्यांचा दफनविधी झाला. त्याच दिवसांत आर्गाइलवर राजद्रोहाचा खटला चालू होता. मुलाला मत देण्याचा अधिकार होता, परंतु आपल्या मनातला राग इतका आहे की आपल्या हातून निःपक्षपाती न्याय होणार नाही, असे सांगून त्याने मत दिले नाही. २७ मे रोजी आर्गाइलचा शिरच्छेद झाला आणि त्याचे शिर टोलबूथवर त्याच खिळ्यावर लावले गेले. तीन वर्षांनी, १६६४ मध्ये, ते उतरवून कुटुंबाच्या हवाली केले.

दीपमाळ, तुम्ही तिथे आहातच, तर सेंट अँड्रूजच्या विद्यापीठाचे संग्रहालय जरूर पाहा. मी वर ज्या रुपेरी बाणाचा उल्लेख केला, त्याला प्रत्येक विजेत्याने आपल्या नावाचे चांदीचे पदक जोडायचे, अशी रीत होती. माँट्रोझचे १६२८ चे पदक तिथे आहे, आणि त्याच्या पाच वर्षे आधी जिंकलेल्या आर्चिबाल्ड कॅम्बेलचेही आहे.